उंबऱ्यावरच्या पणत्या आणि चेटकिणीचा झगा

वर्षभर लिहू लिहू म्हणत राहिलं. काल सुपरमार्केटात शिरले तर दारातच भोपळ्यांचा ढीग आणि शेजारी चेटकिणीच्या, सांगाड्याच्या, वटवाघळाच्या ड्रेसेसची रांग लटकलेली, आणि एक बाई तो काळा झगा आपल्या लेकीच्या अंगाला लावून लांबी बघत होती. म्हटलं ह्या झग्यांना लागणाऱ्या आगीबद्दल आज लिहायचंच. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

तर २०२४ ला पंचांगाने गंमत केली होती, आठवतंय का? नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी. ३१ ऑक्टोबर, गुरुवार. शाळेला हाफ टर्मची सुट्टी, त्यामुळे इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या घरात पहाटे उटणं लावून पहिली अंघोळ (कारीट कुठून आणणार, चेरी टोमॅटो फोडला पायाखाली) आणि संध्याकाळी त्याच न्हालेल्या पोरीला काळी लिपस्टिक लावून चेटकीण करायची. अहोआई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना आधी हा सगळा प्रकार काही झेपला नाही, मग म्हणाल्या बरंय की, नरकासुर आणि भुतं एकाच फराळात उरकतील.

आमचं टेरेस हाऊस आहे, म्हणजे रांगेतलं एकाला एक चिकटलेलं घर, दाराला दोन पायऱ्या आणि वरच्या पायरीवर काळ्या-पांढऱ्या टाइल्स. एका बाजूला आमच्या लेकीने, चिऊने, बाबाबरोबर कोरलेला भोपळा, आत मेणबत्ती. दुसऱ्या बाजूला ठिपक्यांची रांगोळी आणि तिच्याभोवती सहा पणत्या. दाराच्या चौकटीवर ते कापसासारखं ताणायचं खोटं कोळ्याचं जाळं. फोटो काय झकास आला होता, इथल्या मराठी ग्रुपवर टाकला तर पन्नासेक बदाम आले असतील. तोच फोटो आता बघते तेव्हा मला एकच गोष्ट दिसते, की त्यात आग जिथे जिथे आहे तिथे तिथे ती माझ्या घोट्याएवढ्या उंचीवर आहे. म्हणजे चार-पाच वर्षांच्या पोराच्या झग्याचा काठ जिथे लोंबतो, बरोब्बर तिथे.

साडेसहा वाजले असतील. अंधार तर पाचलाच पडलेला असतो. मागच्या गल्लीतली दोन भावंडं हॅलोविनचं चॉकलेट मागायला आली, मोठा सांगाडा, धाकटी चेटकीण. जांभळ्या जाळीचा फ्रॉक, वरून काळा केप, हातात भोपळ्याच्या आकाराची बादली. मी चॉकलेटचा डबा घ्यायला आत वळले आणि धाकटीला रांगोळी दिसली. आता सहा दिवे आणि मध्ये मोर, कुठलंही पोर वाकणारच ना बघायला. ती वाकली, केप पुढे आला.

आधी वास आला. कढईला प्लास्टिकची पिशवी चिकटली की येतो ना, तो. मी वळून बघेपर्यंत अहोआई, ज्या दारातच खुर्ची टाकून तेलाची बाटली घेऊन बसल्या होत्या आणि ज्यांचे गुडघे एरवी जिना चढायला कुरकुरतात, त्या उठून उभ्या होत्या आणि त्यांनी त्या पोरीच्या मानेमागून केप धरून सरळ ओढला होता. व्हेलक्रो चर्रकन सुटलं. केप पायरीवर पडला आणि तिथे जळला, जळला म्हणजे काय तर वितळला, आक्रसत गेला आणि थेंब थेंब पेटते गळत राहिले. पोरीला चटका सुद्धा नाही. ती रडली ती केप गेला म्हणून. मग मी तिच्या आईला सॉरी म्हणतेय, ती मला सॉरी म्हणतेय, शेवटी अहोआईंनी दोघींना आत बोलावून चकली दिली.

व्हेलक्रोऐवजी गाठ मारलेली नाडी असती तर? ह्याच्यावर त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

ते काळे थेंब टाइल्सवर अजून आहेत. पातळ सुरीने खरवडून झाले, गरम पाणी ओतून झालं, नवऱ्याने कसलंसं सॉल्व्हंट आणून लावलं, हलत नाहीत. आणि तेव्हा कळतं की हे टाइलला असं चिकटलं तर कातडीला कसं चिकटेल. पॉलिएस्टर, नायलॉन ही मंडळी जळताना वितळतात आणि वितळलेलं अंगाला धरून बसतं.

मग नेहमीप्रमाणे वरातीमागून घोडं, मी वाचायला बसले. इथे यूकेत हे नवीन नाहीये. टीव्हीवरची क्लॉडिया विंकलमन, 'स्ट्रिक्टली' हा नाचाचा कार्यक्रम करायची ती, तिच्या आठ वर्षांच्या मुलीचा चेटकिणीचा ड्रेस २०१४ च्या हॅलोविनला मेणबत्तीने पेटला होता. मुलगी खूप भाजली, ऑपरेशनं झाली. पुढच्या वर्षी क्लॉडियाने बीबीसीच्या वॉचडॉग ह्या ग्राहकांच्या तक्रारींच्या कार्यक्रमात सगळं सांगितलं आणि एकदम सगळ्या देशाला प्रश्न पडला की हा ड्रेस दुकानात आला कसा? तर कायद्याने आला होता. इथे मुलांचे फॅन्सी ड्रेस हे कपड्यांत धरतच नाहीत, खेळण्यांत धरतात! म्हणजे त्याला नियम खेळण्यांचा, ईएन ७१, आणि त्यात ज्वाळा सेकंदाला ३० मिलिमीटरपर्यंत पसरली तरी चालते. आणि त्याच लेकीच्या कपाटात शेजारच्या हँगरला जो नाइटड्रेस असतो त्याला मात्र वेगळा, कडक नियम, कारण पूर्वी घराघरात उघड्या शेगड्या आणि हीटर होते, त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या पोरींचे झगे पेटायचे, म्हणून १९६४ साली पहिला नियम आला आणि आत्ताचा १९८५ चा. झोपायचा झगा कडक परीक्षा देऊन येतो, आणि जो झगा घालून पोरगी मेणबत्त्यांच्या रांगेतून दारोदार फिरणार तो खेळणं म्हणून पास. कुणी केलं हे वर्गीकरण त्याला माझा साष्टांग नमस्कार.

३० मिलिमीटर म्हणजे किती हे डोक्यात शिरेना म्हणून मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि चिऊचा ड्रेस पलंगावर पसरून मोजला. खांद्यापासून काठापर्यंत ७५ सेंटीमीटर. २५ सेकंद. टेप हातात धरून मी तिथेच बसून राहिले थोडा वेळ. बरं हा प्रयोगशाळेतला आकडा, अंगावर घातलेला घेरदार झगा, खालून लागलेली आग आणि घाबरून पळणारं पोर हे सगळं एकत्र आल्यावर काय होईल ते टेपवर मोजता येत नाही.

विंकलमन प्रकरणानंतर २०१६ मध्ये ब्रिटिश रिटेल कन्सॉर्टियम ह्या इथल्या दुकानदारांच्या संघटनेने आपणहून एक नियमावली काढली, त्यात हाच वेग सेकंदाला १० मिलिमीटरवर आणला. माझ्या टेपच्या हिशोबाने २५ सेकंदांची ७५ झाली, म्हणजे सव्वा मिनिट. सव्वा मिनिटात माणूस पोहोचतो पोरापर्यंत. पण ही नियमावली ऐच्छिक आहे, पाळणाऱ्याने पाळायची. म्हणून ड्रेस घेताना नुसता सीई किंवा यूकेसीएचा (माल नियमात बसतो असं सांगणारा) शिक्का बघून समाधान मानू नका, आतलं लेबल उलटून बघा, आगीसाठी जादा चाचणी केलीय असं त्यावर लिहिलेलं असतं. ऑनलाइन कुठल्या तरी तिसऱ्याच विक्रेत्याकडून चार पौंडांत आलेल्या ड्रेसवर ते तर सोडाच, कधी कधी लेबलच नसतं. मी मागच्या वर्षी तसलाच घेतला होता. हो, मीच.

आता इथे कुणीतरी कमेंट करणारच आहे की म्हणूनच मुलांना सुती कपडे घाला. थांबा. सुती कापड पण जळतं, पातळ असेल तर भसाभस जळतं. ते वितळून चिकटत नाही इतकंच. आणि सुती-पॉलिएस्टर मिक्स तर आणखी वाईट, सूत वातीसारखं जळत राहतं आणि वितळलेलं पॉलिएस्टर त्या वातीला तेल पुरवतं. सगळ्यात बरी लोकर, ती सहज पेट घेत नाही. म्हणून इथले फायर ब्रिगेडवाले सांगतात की ड्रेसच्या आत जाड टाइट्स, जीन्स, लांब बाह्यांचा टॉप घाला. एवीतेवी थंडी असतेच, पण पोरं म्हणतात की मग मी चेटकीण दिसत नाही, जाडी दिसते. दिसू दे. आणि हो, आयत्या वेळी कचऱ्याच्या काळ्या पिशवीला भोक पाडून केप करतात ना, ते तर अजिबात नको.

खरं सांगू का, हे सगळं आपल्या आयांना-आज्यांना इंग्रजी नियम न वाचता माहीत होतं. आमच्या लहानपणी नायलॉनच्या साड्या घरात आल्या तेव्हा आजी आईला बजावायची की स्टोव्हपाशी जाताना सुती नेस आणि पदर खोच. स्टोव्हचा भडका उडून नायलॉनची साडी अंगाला चिकटली ही बातमी तेव्हा प्रत्येक गल्लीत कधी ना कधी ऐकलेली असायची. फुलबाज्या उडवताना फ्रॉकचा घेर पुढून मुठीत धरायचा, ओढणीला मागे गाठ मारायची. अहोआईंचा हात जो गेला तो ह्याच सवयीने गेला. त्यांना मी नंतर विचारलं की एवढं कसं सुचलं, तर म्हणाल्या सुचलं काय त्यात, पोरीने पदर खोचला नव्हता. केपला खोचायची सोयच नाही हो त्या मेल्या.

म्हणून मला आपल्या ग्रुपवरच्या त्या वार्षिक भांडणाचा कंटाळा आलाय. एक पार्टी म्हणते हॅलोविन आपलं नाही, कशाला ती भुतं. दुसरी म्हणते पोरं इथे वाढतायत, करू दे. अरे पण आमच्या दारात जे झालं ते भोपळ्याने नाही केलं, आपल्या पणतीने केलं. भोपळ्याला निदान भिंत असते, ज्योत आत असते, पणतीची ज्योत उघडी, आणि आपण ती मांडतो कुठे तर जिथून माणूस आत येतो त्याच वाटेवर. तिथे भोपळ्याची पोरं आली काय आणि दिवाळीला आपली पोरं घागरे घालून आली काय, जाळी तीच, पॉलिएस्टर तेच.

मी गेल्या वर्षीपासून उंबऱ्यावर बॅटरीच्या पणत्या ठेवते. ग्रुपवर हे लिहिलं तर एका काकांनी "नकली दिवे, नकली दिवाळी" असं उत्तर टाकलं. काका, खऱ्या पणत्या देवघरात आहेत, मागच्या अंगणात उंच ओट्यावर तुळशीपाशी आहेत, तेल-वात सगळं साग्रसंगीत आहे. दारातल्या वाटेवर नाहीत, एवढंच. मात्र एक आहे, ह्या बॅटरीच्या पणत्यांत बटणासारखे सेल असतात, ते लहान पोराने गिळले तर दुसरंच संकट, आतून अन्ननलिका जळते. ज्याच्या झाकणाला स्क्रू आहे तीच घ्या. नुसतं नखाने उघडणारं झाकण असेल तर परत करा.

कोळ्याचं जाळं मी टाकूनच दिलं. तो पॉलिएस्टरचा पिंजलेला कापूस आहे आणि आपण तो नेमका दिव्याभोवती गुंडाळतो. अमेरिकेत एनएफपीए नावाची आगीपासून बचावाचं काम करणारी संस्था आहे, तिच्या हिशोबाने तिथे सजावटीला पेट लागून वर्षाला सरासरी आठशेच्या आसपास घरांत आगी लागतात, आणि त्यातलं बरंचसं कारण एवढंच की वस्तू मेणबत्तीच्या किंवा गरम वस्तूच्या फार जवळ होती.

पोरांना एक शिकवून ठेवा, कपड्याला आग लागली तर पळायचं नाही. थांबायचं, तोंड झाकून आडवं व्हायचं, गडबडा लोळायचं. चिऊला आम्ही गालिच्यावर खेळ म्हणून शिकवलं, आता ती बाबाला रोज पेटवते. आणि भाजलंच तर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद-तूप तर मुळीच नाही. न चिकटलेले कपडे, बांगड्या काढायच्या, चिकटलेलं ओढायचं नाही, मग क्लिंग फिल्मने (अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकने) सैलसर झाकायचं. मोठं असेल किंवा तोंडावर असेल तर आधी ९९९, इथला इमर्जन्सीचा नंबर.

२०२५ ला पंचांग जरा दयाळू, दिवाळी आणि हॅलोविनमध्ये आठवडाभर अंतर. पण ५ नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा आणि इथली बॉनफायर नाइट, म्हणजे शेकोट्या-फटाक्यांची रात्र, एकाच दिवशी. म्हणजे परत दिवे, परत आग, आणि तेच हॅलोविनचे झगे दुसऱ्यांदा घालून हातात फुलबाजी घेतलेली पोरं. फुलबाजीचं टोक हजार डिग्रीच्या वर तापतं. केप घरी ठेवा त्या दिवशी, कोट घाला.

अहोआई ह्या वेळी पुण्यात आहेत. परवा व्हिडिओ कॉलवर मला सगळी पायरी दाखवायला लावली, थेंब गेले का विचारलं, मग खिडकीत काही लावू नकोस, पडदा आहे, हे तीनदा सांगितलं. तेवढ्यात मागच्या गल्लीतली ती धाकटी आईबरोबर जाताना दिसली, तिलाही कॅमेऱ्यात दाखवलं. ती पायरीपाशी थांबली आणि मला विचारते, यंदा दिवे खरे का? म्हटलं नाही गं, बॅटरीचे. तोंडच पडलं बिचारीचं. यंदा तिला ड्रॅगन व्हायचंय म्हणे.