'एनके पेशी वाढवा, केमो टाळा': या संदेशात काय चुकतंय

सध्या एक संदेश फिरतो आहे: 'शरीरातल्या नॅचरल किलर (एनके) पेशी कॅन्सरची प्रत्येक पेशी ओळखून मारतात. त्यांची संख्या वाढवा, केमोची गरजच उरणार नाही.' असं वाचून कुणी उपचार थांबवला तर जिवावर बेतेल, म्हणून हे लिहितो आहे.

'प्रत्येक पेशी ओळखतात.' नाही. एनके पेशी ही प्रतिकारशक्तीची एक पांढरी रक्तपेशी. ती समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं चाचपते. निरोगी पेशीवर एचएलए वर्ग १ ची प्रथिनं असतात, ती एनके पेशीला आवरून धरतात. टी पेशींपासून (प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशींपासून) लपायला कॅन्सर पेशी कित्येकदा हीच प्रथिनं टाकून देते आणि एनके पेशीच्या तावडीत सापडते. क्लास कारे या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) पेशींवर हे दाखवलं. या विषयातला मला सर्वांत देखणा वाटणारा शोध हाच. पण नुसता आवर सुटून भागत नाही, हल्ल्याचा इशाराही लागतो. उदाहरणार्थ, ताणाखालच्या पेशीवर येणारं 'मायका' हे प्रथिन. दोन्हींचा हिशोब मारण्याच्या बाजूने झुकला, की एनके पेशी परफोरिन हे भोक पाडणारं प्रथिन सोडते, त्याने पडलेल्या वाटेने ग्रॅन्झाइम ही विकरं आत शिरतात आणि त्या पेशीची स्वतःला संपवण्याची यंत्रणा सुरू होते.

कॅन्सरही गप्प बसत नाही. एचएलए शाबूत ठेवणाऱ्या पेशी अनेकदा निसटतात. काही गाठी मायका कापून रक्तात सोडून देतात, म्हणजे पेशीवरचा इशाराच पुसला जातो. काही टीजीएफ-बीटा हे संदेश देणारं प्रथिन स्रवून एनके पेशींना मंद करतात.

'संख्या वाढवा.' जोरदार व्यायाम केला तर काही मिनिटांत रक्तातल्या एनके पेशी वाढतात आणि थोड्याच वेळात उतरतात. त्या नव्याने तयार झालेल्या नसतात, आधीच्याच रक्तप्रवाहात आलेल्या असतात. व्यायाम जरूर करावा, पण रक्तातला आकडा म्हणजे गाठीवरचा परिणाम नव्हे. बऱ्याच घट्ट गाठींमध्ये या पेशी मुळात फार कमी शिरतात.

'केमोची गरज नाही.' इथे संदेश सरळ उलटा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नाळेच्या रक्तातून घेऊन जनुकीय बदल केलेल्या एनके पेशी लिम्फोमा आणि ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) ११ रुग्णांना दिल्या. ८ जणांना प्रतिसाद मिळाला. पण त्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रत्येकाला आधी केमोच दिली होती. रिटुक्सिमॅब या औषधाचंही तेच. त्यातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) लिम्फोमाच्या पेशीला चिकटतात, एनके पेशी त्यांना धरून हल्ला करते, आणि अनेक लिम्फोमांमध्ये हे औषध केमोच्या जोडीनेच दिलं जातं.