अठरा फूट उतार

दादा खडकीहून घरी आला त्या संध्याकाळी गावानं त्याला वेशीपासून वाजतगाजत आणलं. फेटा बांधला, बायकांनी ओवाळलं, शाळेतली पोरं घोषणा देत पुढे चालत होती. घराशी आल्यावर मात्र सगळे थांबले. सोप्यापुढे तीन पायऱ्या होत्या. मग चार पोरांनी दादाला चाकाच्या खुर्चीसकट उचलून आत नेऊन ठेवलं. त्यानंतरचे आठ महिने तो स्वतःच्या बळावर घराबाहेर पडू शकला नाही.

दादा म्हणजे माझा मोठा चुलत भाऊ. सैन्यात असताना, ड्युटीवर, त्याची गाडी दरीत कोसळली आणि मणका गेला. कंबरेखाली संवेदना नाही. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात तो खूप शिकला. खुर्ची चालवायला शिकला, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून परत पलंगावर जायला शिकला, स्वतःची अंघोळ स्वतः करायला शिकला. हे केंद्र 1974 पासून अशा जवानांना सांभाळतंय आणि तिथल्या लोकांचे उपकार आम्ही जन्मात विसरणार नाही. तिथे त्याला सगळं जमत होतं, कारण ती जागाच खुर्चीचा विचार करून बांधलेली आहे.

आमचं घर साताऱ्याकडच्या एका गावातलं, आजोबांनी बांधलेलं. न्हाणीचं दार 24 इंच, दादाची खुर्ची 26 इंच. वर चार इंचांचा उंबरा. खडकीत एकट्यानं अंघोळ करणाऱ्या माणसाला घरी काका आणि वहिनी दोघं मिळून उचलायचे. वहिनीची कंबर गेली. उचलताना एकदा दादाची मांडी दाराच्या चौकटीला घासली. त्याला कळलंच नाही, संवेदनाच नाही तिथे. ती जखम भरायला अडीच महिने लागले. तेवढा काळ तो पालथा पडून होता. दोन इंच लाकडासाठी!

मग उताराचं काम काढलं. गावातल्या गवंड्यानं प्रेमानं, मजुरी न घेता, सहा फुटांचा उतार बांधून दिला आणि वर छान गुळगुळीत फरशी बसवली. पहिल्या पावसात दादा त्यावरून सरळ रस्त्यावर गेला. नशीब, समोरून ट्रॅक्टर येत नव्हता. नंतर कळलं, नियम एकास बारा असा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. आमचं जोतं दीड फूट, म्हणजे अठरा फूट उतार हवा, आणि अंगण अकरा फुटांचं. शेवटी भिंतीच्या कडेनं वळवून, मध्ये सपाट जागा सोडून, खरबरीत कोब्यात तो पुन्हा बांधला. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर?

आता मुद्द्याचं लिहिते. माजी सैनिकांना घर मिळावं म्हणून आपल्याकडे तरतुदी आहेत, नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांना 5 टक्के, लढाईत मारल्या गेलेल्या किंवा जखमी झालेल्या जवानांच्या कुटुंबांना 2 टक्के राखीव घरं असतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 37 सरकारी घरयोजनांत 5 टक्के आरक्षण देतं. महाराष्ट्रात माजी सैनिकांना घरपट्टीतून सूटही आहे. पण या सगळ्या टक्क्यांत न्हाणीच्या दाराची रुंदी कुठेही नाही. सोडतीत घर लागलं तरी त्या घरात खुर्ची फिरेल की नाही हे कुणी बघायचं? आणि दादासारख्याला पुण्या-मुंबईत फ्लॅट नकोच आहे. त्याचे आईवडील, रान, पारावरचे मित्र सगळे इथे आहेत. त्याला हेच घर वापरता यायला हवंय.

त्यासाठी काय मिळतं? केंद्रीय सैनिक बोर्डाकडून घरदुरुस्तीला 20,000 रुपये, तेही 100 टक्के दिव्यांग आणि हवालदार किंवा त्याखालच्या पदाचा असेल तर. घर बांधायला बँकेचं कर्ज काढलं तर निम्मं व्याज परत मिळतं, पण कर्जाची मर्यादा 1 लाख. आमच्या नुसत्या न्हाणी-संडासाचं काम 70 हजारांवर गेलं. पेन्शन येते म्हणून घरकुलाच्या यादीत नाव बसत नाही. अमेरिकेत अशा जखमी सैनिकाला घर बदलून घ्यायला 1 लाख डॉलरहून जास्त अनुदान मिळतं. तेवढी आपली ऐपत नाही, मान्य. पण 20 हजारांत आज चौकटीसह दोन दारंसुद्धा धड होत नाहीत.

पैशापेक्षाही मला खुपतो तो वेळ. मणक्याला मार लागलेला जवान एका दिवसात घरी येत नाही. आधी लष्करी रुग्णालय, मग मेडिकल बोर्ड, मग पुनर्वसन, असे कित्येक महिने जातात. तेवढ्या काळात त्याच्या घरी कुणीतरी टेप घेऊन का जात नाही? प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे, प्रत्येक तालुक्यात बांधकाम खात्याचा अभियंता आहे. दोघांनी मिळून एक दिवस जायचं, जोतं, दारं, न्हाणी मोजायची, नकाशा काढून द्यायचा आणि जवान घरी यायच्या आत पैसे आणि काम दोन्ही पूर्ण करायचं. आज उलटं चाललंय. आधी माणूस घरी येतो, मग अडतो, मग पडतो, मग अर्ज करतो, आणि अर्जासोबत दाखले गोळा करायला त्यालाच तीन जिने चढून जावं लागतं. आम्हालाही एका कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर बोलावलं होतं. लिफ्ट नव्हती. दादा खाली रिक्षात बसून राहिला आणि सही घ्यायला कागद खाली आणावे लागले.

आणखी एक. जखम लढाईत झाली की अपघातात, यावरून पेन्शन आणि सवलती बदलतात. त्यामागची कारणं असतील. पण तुटलेला मणका दोन्हीकडे सारखाच असतो आणि उंबराही सारखाच उंच असतो. निदान घराच्या बाबतीत तरी हा भेद करू नये, असं मला मनापासून वाटतं.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावातला एक पोरगा जखमी झाल्याचं कळलं. वय पंचवीस, अजून रुग्णालयातच आहे. दादा मला म्हणाला, "टेप घे, जाऊन येऊ." आम्ही त्यांच्या घरी गेलो. पाच पायऱ्या होत्या, म्हणून दादा अंगणातच थांबला. मी आत जाऊन मापं ओरडून सांगत होते, तो मांडीवर वही ठेवून लिहीत होता. पोराची आई चहाचा कप हातात धरून आमच्याकडे बघत उभी होती. न्हाणीचं दार 23 इंच निघालं. दादानं ते लिहून घेतलं, आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि तिला हाक मारून म्हणाला, "मावशी, तो यायच्या आधी हे दार पाडायचं. गवंडी मी पाठवतो."