एक प्लेट नोकरी

नाशिकच्या अंबडला कुणाकडे चिनी मशीन आलं की दुभाषा लागतो आणि तो तासावर पैसे घेतो, ही खबर मेहुण्याने आणली. त्याच्या खबरींनी आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, तरी मी मोबाइलवर चिनी शिकायला बसलो.

नमस्कार-चमत्कार उरकले आणि थेट धडा आला: अर्धवेळ नि किरकोळ कामं. माझी मिळकत त्या ॲपला कुणी सांगितली कोण जाणे! अर्धवेळ काम म्हणजे ‘चिएन-च्र’. तासावरचा माणूस ‘श्याओ-श्र-कुंग’, हंगामी ‘लिन-श्र-कुंग’. रोमनमध्ये ‘जी’ लिहायचा आणि म्हणायचा जवळपास ‘क’. पगार म्हणजे ‘कुंग-च’, त्यातला ‘च’ मात्र आपल्या चाकातला, चारातला नव्हे. तिथे मराठी माणूस मास्तरांच्या पुढे.

खरा छळ सुरांचा. पहिला वरच्या पट्टीत सपाट, दुसरा चढता, चौथा धाडकन खाली. तिसरा म्हणजे पावसाळ्यात सातपूरकडे जाणारी स्कूटर, आधी खड्ड्यात, मग वर. मोलमजुरी करणं म्हणजे ‘ता-कुंग’, त्यातला ‘ता’ या तिसऱ्या सुरातला. तो घोटत होतो तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अरे, मळमळतंय का? ओवा देऊ?”

याच ‘ता-कुंग’ला ‘रन’, म्हणजे माणूस, जोडून २०२० मध्ये चीनमधल्या ऑफिसातल्या मंडळींनीही स्वतःला मजूर म्हणवून घ्यायला सुरुवात केली. वातानुकूलित मजूर! आमच्या नाक्यावर सकाळी थापी घेऊन उभ्या राहणाऱ्यांनी ऐकलं तर काय म्हणतील?

नोकरी मोजायला चिनीत ‘फन’ लागतो. जेवणाची प्लेट मागवतानाही तोच. म्हणजे एक प्लेट मिसळ, एक प्लेट नोकरी. आणि ती गेली की ‘छाओ यो-यू’, माकूळ तळणे. तव्यावर माकूळ गुंडाळतं, तशी वळकटी गुंडाळून माणूस निघतो म्हणे. आपण नारळ देतो. त्याची निदान चटणी होते.

कामाच्या वेळेत टंगळमंगळ करणं म्हणजे ‘मो-यू’, मासे चाचपणे. हा एकच शब्द मला एका दमात पाठ झाला, आणि दुर्दैवाने घरातही.

“अहो, मो-यू पुरे,” पिशवी पुढे करत बायको म्हणाली, “गिरणी बंद व्हायच्या आत दळण आणा.”