हवेशीर घर पाहिजे

घर पाहायला निघालेल्या नागपूरकराने दिशा तपासाव्यात त्या वास्तुशास्त्रासाठी नव्हे, तर वाऱ्यासाठी, असे माझे ठाम मत झाले आहे. पूर्वेला भांडेवाडीचा कचरा डेपो, उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रे, मधून सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी. या सर्वांना चुकवून जी जागा उरते, तिचा भाव ऐकताच श्वास आपोआप थांबतो आणि हवेच्या दर्जाचा प्रश्नच मिटतो.

आमच्या घरात या विषयावर दोन पक्ष आहेत. मी मोबाईलवर हवा गुणवत्ता निर्देशांक पाहतो, बायको नाकावर विश्वास ठेवते. नाल्याकाठच्या एका सदनिकेत निर्देशांक ७० च्या आसपास, म्हणजे सरकारी भाषेत ‘समाधानकारक’ होता. मी तो आकडा मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत ती नाकाला ओढणी लावून जिना उतरली होती. बरोबर दोघेही होतो. निर्देशांकासाठी विचारात घेतल्या जाणाऱ्या आठ प्रदूषकांत नाल्याचा तो सडका वास देणारा हायड्रोजन सल्फाइड नाहीच, आणि फुप्फुसात खोलवर शिरणारे अडीच मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण नाकाला उमगत नाहीत.

दलाल मात्र दोन्ही पक्षांना पुरून उरतो, कारण तो घर भर दुपारीच दाखवतो. उन्हाने तापलेली हवा वर चढते आणि वास पांगतो. हिवाळ्याच्या रात्री मात्र जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार थराचे झाकण बसते आणि शेकोट्यांपासून जळत्या कचऱ्यापर्यंतचा सगळा धूर खाली कोंडतो. म्हणून आम्ही रात्री येतो म्हणालो.

“रात्री काय दिसते जी?” तो चकित झाला.

“पाहायचे नाही, हुंगायचे आहे,” बायको म्हणाली.

चौकीदाराला विचारण्यात अर्थ नसतो. “पहिले यायचा वास, आता नाही येत,” असे तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो. सततच्या वासाची दखल घेणे नाक सोडून देते, एवढेच.

परवा पाहिलेल्या घराचा निर्देशांक १४० निघाला, म्हणजे ‘मध्यम’. खाली सावजी भोजनालय. इतवारीत मिरची-मसाल्याच्या वासात वाढलेल्या माझ्या बायकोने जिन्यातच दीर्घ श्वास घेतला. फोडणीच्या धुरातही तेच बारीक धूलिकण असतात, हे मी समजावू लागलो, तोवर ती दलालाला ताबा कधी मिळेल ते विचारत होती.