गावात मॉल काढायचाय? या, बसा, सांगतो

तुमच्या गावात अजून मॉल नाही? कमाल आहे. लाख-दीड लाख वस्ती, एसटी स्टँड, दोन इंजिनीअरिंग कॉलेजं (त्यातलं एक पोरं मिळेनात म्हणून बंद), मेन रोडला ओळीनं सोनार, आणि मॉल नाही? म्हणजे तुम्हीच कुणीतरी विकासाच्या आड येताय. पण काळजी करू नका, मॉल काढणं सोपंय, तो झोपवणं त्याहून सोपंय, मधे पैसे कुणाचे जाणार एवढं फक्त आधी ठरवून घ्यायचं.

जागा बघताना शक्यतो अशी बघा जिच्यावर नगरपालिकेचं काहीतरी आरक्षण पडलंय. भाजी मंडई, नाट्यगृह, बाग, काय वाट्टेल ते चालेल. मग खाली मंडई वर मॉल असा बीओटीचा (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) प्रस्ताव सभेत आणायचा आणि भाजीवाल्यांना बेसमेंटला ओटे देऊ म्हणायचं. भाजीवाले बेसमेंटला जाणार नाहीत, रस्त्यावरच बसणार, हे सभेतल्या शिपायालाही माहीत असतं, पण जो कोणी उठून हे बोलेल त्याला तुम्हाला गाव पुढं जायला नको का असं विचारलं की तो खाली बसतो. नाट्यगृहाचं आरक्षण असेल तर अजून बरं, तिसऱ्या मजल्यावर 'सांस्कृतिक हॉल' दाखवून टाका. त्यात पुढं साड्यांचे सेल लागतात.

आता मुख्य मुद्दा, हा नीट वाचा कारण पुढचं सगळं यातूनच निघतं. मॉल चालवायचा असेल तर अख्खी इमारत एकाच्या ताब्यात लागते, गाळे भाड्यानं द्यावे लागतात, कपड्याच्या दुकानाशेजारी चपलांचं येऊ द्यायचं की मोबाईल रिपेअरिंगचं हे मालकानं ठरवावं लागतं, आणि पैसा दहा-पंधरा वर्षं अडकून पडतो. एवढा वेळ कुणाला आहे! आपण गाळे विकायचे. नकाशा पास व्हायच्या आत विकायचे, शंभर-सव्वाशे स्क्वेअर फुटाचे तुकडे पाडून विकायचे. सुपर बिल्ट-अपवर पैसे घ्या म्हणजे जिना, पॅसेज, लिफ्टची खोली आणि कारंज्याभोवतीची मोकळी हवासुद्धा गाळेवाल्याच्या खात्यात थोडी थोडी टाकता येते, आणि प्रत्यक्षात आत गेल्यावर त्याला एक काऊंटर, एक स्टूल आणि मधोमध एक कॉलम एवढं मिळतं. (मे २०१७ पासून बिल्डरांवर लक्ष ठेवणारं महारेरा आलं आणि कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली खरी जागा, सांगा म्हणायला लागले. लोक कुठं ना कुठं खोडा घालतातच.)

गिऱ्हाईक शोधायला लांब जायची गरज नाही. रिटायर झालेले गुरुजी, ज्यांची ग्रॅच्युइटी नुकतीच आलीय, एखादे डॉक्टर, रस्त्याच्या भूसंपादनात जमीन गेलेला नि अचानक खात्यात पैसे आलेला शेतकरी, आणि पुण्यात आयटीत असलेला मुलगा ज्याला 'गावाकडं काहीतरी' करायचंय. यांच्यातल्या कुणालाच दुकान चालवायचं नसतं, आणि आपल्याला हेच पाहिजे. त्यांना सांगायचं, काका तुम्ही काही करू नका, पझेशन मिळेपर्यंत दरमहा एक टक्का घरपोच, पुढच्या तारखांचे चेक आत्ताच घेऊन जा. सुरुवातीचे चेक मात्र न चुकता पास झाले पाहिजेत हं, कारण त्यावरच काकांचे साडू आणि व्याही येतात. चेक परत यायला लागले की १३८ ची केस होते, ती चालते, चालत राहते, तोपर्यंत काकाही थकतात.

भाव सांगताना मुंबईचा दाखला द्या, चालतो. १९९९ मध्ये हाजीअलीला क्रॉसरोड्स निघाला तेव्हा एवढी गर्दी झाली की आत सोडायला मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरा असा नियम काढला होता. टीका झाली, नियम मागे घ्यावा लागला, पण तुम्ही गोष्ट गर्दीपाशीच थांबवा. पुढे त्याच मॉलचं नाव बदललं, सोबो सेंट्रल झालं, गर्दी आटली, दुकानं गेली, बँकेच्या थकबाकीत आला, हे गाळे बुक करायला आलेल्या माणसाला सांगायची काही गरज नाही. मुंबईतच चालला नाही तर आपल्याकडं कसा चालेल असा उगाच निगेटिव्ह विचार करतात लोक.

उद्घाटनाला पालकमंत्री आणि सिरियलमधली एक सून. भोगवटा प्रमाणपत्र नसलं तरी चालतंय, फ्लेक्स पाहिजे. पहिले सहा-आठ महिने तुम्ही स्वतः रोज जाऊन बघा, डोळ्याचं पारणं फिटेल. आजूबाजूच्या गावांतनं जीप भरून माणसं येतात आणि थेट सरकत्या जिन्यासमोर येऊन थांबतात. आजी पदर खोचतात, एक पाय पुढं टाकतात, मागे घेतात, मागं रांग लागते, वॉचमन हात धरून चढवतो, वर पोचल्यावर सगळं घर टाळ्या वाजवतं आणि साध्या जिन्यानं खाली येऊन पुन्हा रांगेत. मग एसीत बसून फोटो, आणि खायला गेटबाहेरच्या गाड्यावर वडापाव, कारण फूड कोर्टात त्याच वडापावचे चौपट पैसे. याला फुटफॉल म्हणतात. पेपरात छापून आणा, उरलेले गाळे यावर जातात.

एक मोठं दुकान मात्र तळमजल्यावर असायलाच हवं, त्याच्या नावावर बाकीचे गाळे विकायचेत. २००६ च्या २६ जानेवारीला बिग बाजारनं 'सबसे सस्ता दिन' काढला आणि देशभर चेंगराचेंगरी व्हायची पाळी आली, तेव्हापासून प्रत्येक बिल्डरला आपल्या तळमजल्यावर तसलंच काहीतरी हवं असतं. त्यांना भाडं जवळजवळ फुकट लावा. वर मल्टिप्लेक्स, त्याला सरकारनं २००१ पासूनच करमणूक कराची सवलत ठेवली होती, त्यामुळं बऱ्याच ठिकाणी आधी मल्टिप्लेक्स ठरलं आणि खालचे मजले रिकामे कसे ठेवायचे म्हणून मॉल झाला, असंही घडलंय.

आता झोपवायचा कसा ते सांगतो. तुम्हाला काही करावं लागत नाही, मेंटेनन्स नावाची गोष्ट ते करते. समजा दोनशे गाळे विकले. त्यातले सत्तरएक उघडले, बाकी शटरं बंद, कारण मालक गुंतवणूकदार, त्यांना भाडेकरू पाहिजे, आणि भाडं एवढं पाहिजे जेवढं बुकिंगच्या वेळी शेटनं तोंडी सांगितलेलं. कमी भाड्यात द्यायला तयार नाहीत, बंद गाळ्याचा मेंटेनन्स द्यायला तर अजिबात तयार नाहीत, आम्ही एसी वापरतच नाही तर आम्ही का भरायचा? बरोबरच आहे त्यांचं. पण एसीच्या चिलरला हे कळत नाही, तो सत्तर गाळ्यांसाठीसुद्धा अख्खा मॉल गार करतो, आणि महावितरणचं बिल कमर्शियल दरानं येतं. मग एसी दुपारी बारा ते चार बंद. मग सरकता जिना फक्त शनिवार-रविवार, मग फक्त वर जाणारा, मग तोही साधा जिना म्हणून वापरा अशी पाटी. मग संडासांना कुलूप, चावी दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरकडं. अशा मॉलमध्ये गिऱ्हाईक का येईल, येत नाही, मग सत्तरातले तीस जातात आणि बिल उरलेल्या चाळिसांत वाटायचं ठरतं, यावर मीटिंग बोलावतात, मीटिंगला अकरा जण येतात आणि त्यातले दोघे बिल्डरला शिव्या द्यायलाच आलेले असतात. सोसायटी स्थापन करायची का असोसिएशन, यावर दोन गट पडतात. बिल्डर म्हणतो मी आता फक्त टेरेसचा मालक. टेरेसवर मोबाईलचा टॉवर आहे, त्याचं भाडं वेळेवर येतं. या सगळ्या प्रकारात न चुकता येणारं भाडं हे एवढंच.

मला स्वतःला कौतुक त्या टेलरचं वाटतं. त्याचं गिऱ्हाईक एसीसाठी येतच नव्हतं.

आता कुणीतरी विचारणार, मॉल का बसला? उत्तर तयार ठेवा: ऑनलाइन. तारखा पाठ असल्या की वजन पडतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये फ्लिपकार्टचा पहिला बिग बिलियन डे, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, नोव्हेंबरात नोटाबंदी, जुलै २०१७ ला जीएसटी, मार्च २०२० ला लॉकडाऊन. मोठ्या शहरांतले आकडेही द्या, नाइट फ्रँक या प्रॉपर्टी सल्लागार कंपनीनं २०२३ मध्ये ६४ 'घोस्ट मॉल' मोजले, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेले, आदल्या वर्षी ५७ होते. आपल्या गावचा त्यात नाही, आपल्याकडं मोजायला कोण येणार.

फक्त हे बोलताना खिडकीजवळ उभे राहू नका. समोर हायवेला डीमार्ट दिसतं आणि रविवारी त्याच्या पार्किंगला जागा नसते. तेच गाव, तेच लोक, तोच जिओ. पहिलं दुकान २००२ ला पवईत काढलं तेव्हापासून ते बहुतेक जागा स्वतःच्या मालकीची घेतात, मॉलमध्ये गाळा घेत बसत नाहीत, कारंजं नाही, सून नाही, गोदामासारखी इमारत आणि आत तूरडाळ. डीमार्टच्या दमाणींना तुमच्यासारखे गाळे विकून मोकळं होता आलं असतं, पण नाही सुचलं बिचाऱ्यांना. आणि तुमच्याकडच्या निम्म्या गाळ्यांची शटरं २०१४ च्या आधीपासून उघडलीच नव्हती ही गोष्ट पाहुण्यांसमोर काढू नये.

मग तळमजल्यावरचं मोठं दुकानही जातं. बिग बाजारवाल्या फ्युचर ग्रुपची दुकानं फेब्रुवारी २०२२ मध्ये कशी फिरली आठवतंय ना, भाडी थकली होती, त्या जागांचे करार रिलायन्सनं स्वतःकडं घेतले होते, एका आठवड्यात पाट्या बदलायला लागल्या. ज्यांचा मॉल चालत होता तिथं नवी पाटी लागली. तुमच्या मॉलला लागेलच असं नाही, तिथं मोठ्या काचेवर आतून वर्तमानपत्र लावतात.

पण इमारत मोकळी राहत नाही हं, आपल्याकडं काहीच मोकळं राहत नाही. पहिल्या मजल्यावर पॅथॉलॉजी लॅब, दुसऱ्यावर क्लासेस, फूड कोर्टाच्या जागी अभ्यासिका. खिडक्या नाहीत, आवाज नाही, मोबाईलला रेंज नाही, एमपीएससीवाल्यांना यापेक्षा काय पाहिजे? २०२३ च्या तलाठी भरतीला ४६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते, म्हणजे गिऱ्हाईक कमी पडायची भीती नाही. उद्घाटनाच्या दिवशी सुनेबरोबर सेल्फी काढलेली पोरं आता तिथंच 'पंचायत राज' वाचत बसलेली दिसतात, महिना हजार-बाराशे, वायफायसह.

हॉस्पिटल मात्र आणू नका. हे उपरोधानं नाही सांगत. मार्च २०२१ मध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलला रात्री आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावर हॉस्पिटलमध्ये कोविडचे पेशंट होते. तोही हजारावर गाळे विकलेला, निम्मा ओस पडलेला मॉल. बंद गाळ्यांत काय भरून ठेवलंय हे कुणी बघत नाही, आणि जिथं एसीच्या बिलाला पैसे नाहीत तिथं आग विझवायचे पंप कोण चालू ठेवणार. तुमच्या इथल्या अभ्यासिकेचा मागचा जिना उघडा आहे का, तेवढं एकदा जाऊन बघा.

बरं, तुमचं काम आता इथलं संपलं. बायपास झालाय, तिथली जमीन एनए (बिगरशेती) करून घ्या आणि 'फूड मॉल' जाहीर करा. मॉल शब्दाला जरा वास यायला लागलाय पण पुढं फूड लावलं की चालतं. गाळे तेवढेच, तुकडे जरा लहान. जुन्या गाळेधारकांना प्राधान्य द्या, त्यांचे अडकलेले पैसे नव्या बुकिंगमध्ये 'ॲडजस्ट' करून देऊ म्हणा, वरचा फरक फक्त चेकनं घ्या. येतील. गुरुजी तर बुकिंग कधी सुरू होतंय म्हणून आत्ताच दोनदा विचारून गेलेत.