रॅम्प लिफ्ट माझ्याकडे आहे, म्हणून सांगतो, ते फॉरवर्ड अर्धवट आहे

गेले पंधरा दिवस ते फॉरवर्ड फिरतंय, मला एकट्याला चार ग्रुपवर आलं. म्हणणं थोडक्यात असं: घरच्या गॅरेजला रॅम्प लिफ्ट घ्या, मेकॅनिकची कटकट संपली, टायर-ब्रेक-ऑइल सगळं घरीच, घोडी (उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावायची गरज नाही, हँडब्रेक ओढला की बास, कुठल्याही फरशीवर चालते, सोसायटीच्या पार्किंगमध्येही ठेवता येते, पावसात शटर ओढून आरामात काम करा आणि दोन सर्व्हिसमध्ये पैसे वसूल.

नेरुळच्या रो हाऊसला माझ्याकडे ही वस्तू दोन वर्षं आहे, वॅगनआर चढते तिच्यावर, त्यामुळे लिफ्ट वाईट असं मी म्हणतच नाहीये. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, दोन लांब लोखंडी पट्ट्या असतात, त्यांच्यावर गाडी चढवायची, मग एका टोकाला ट्रॉली जॅक लावून पट्ट्या उचलायच्या, खाली पाय बसवून पिना घालायच्या, मग दुसऱ्या टोकाला तेच. माझी दीड फूट उचलते.

आता पहिलाच मुद्दा, टायर आणि ब्रेक. अहो, गाडी उभी कशावर आहे? स्वतःच्या चाकांवर! मग चाक काढणार कसं? माझा मेहुणा ते फॉरवर्ड वाचून रविवारी सकाळी ब्रेक पॅडचा बॉक्स घेऊन हजर, "दाजी, अर्ध्या तासाचं काम आहे." गाडी चढवली, उचलली, पिना घातल्या, याने पाना हातात घेतला आणि चाकापुढे बसून राहिला. दोन मिनिटांनी म्हणतो, "हे चाक तर पट्टीवर आहे." हो ना. शेवटी गाडी खाली उतरवली आणि जमिनीवर साधा जॅक आणि घोडी लावून पॅड बदलले, पोहे गार झाले ते वेगळंच. दोन पट्ट्यांच्या मध्ये आडवा बार टाकून त्यावर वेगळा जॅक लावला तर चाक सुटतं, पण तो बार वेगळा घ्यावा लागतो आणि हे त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

उलट जे खरंच चांगलं आहे ते फॉरवर्डवाल्याने लिहिलंच नाही. चाकं लोंबकळत नाहीत, सस्पेन्शनवर गाडीचं वजन असतं, म्हणून चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश बदलले तर त्यांचे बोल्ट नेहमीच्या उंचीवर फायनल टाइट करता येतात. चाक हवेत असताना टाइट केले की गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. सायलेन्सर, चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं), खालचा गंज बघणं, ह्या कामांना ही लिफ्ट एक नंबर.

"घोडी नको." अर्धं बरोबर. पिना घातलेले पाय हीच घोडी आहे, पण पिना घालेपर्यंत सगळा भार एकट्या जॅकवर असतो, आणि जॅकचं सील गळतं, सावकाश बसतो किंवा एकदम बसतो. तोपर्यंत डोकं काय, हातही खाली घालायचा नाही.

हँडब्रेकचं पण तसंच. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. गिअरमध्ये ठेवा आणि पाचर लावाच. पण हे सगळं करूनही गाडी पट्टीवर थांबेल, पट्टीच फरशीवर सरकली तर? माझ्या ओट्याला पावसाचं पाणी गेटकडे जावं म्हणून उतार दिलेला आहे, गवंड्याच्या लेव्हल नळीने मोजला तर चार मीटरमध्ये सहा सेंटीमीटर निघाला. त्यात ओली टाइल. पहिल्यांदा जरा जोरात चढवली तर अख्खा सांगाडा वीतभर पुढे गेला, बायको गेटवर उभी होती, तिने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आता खाली रबर मॅट आहे आणि गेटकडच्या पायांखाली लोखंडी प्लेटा टाकून लेव्हल करतो.

"कुठल्याही फरशीवर" बद्दल लोक उगाच उलट्या बाजूनेही घाबरतात की स्लॅब खचेल. हिशोब करा. वॅगनआर साधारण साडेआठशे किलो, लिफ्ट दोनशे धरा, एका पायावर २६०-२६५ किलो. टायरमधून जमिनीवर येणारा दाब साधारण त्यातल्या हवेइतकाच, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. माझ्या लिफ्टच्या पायाची प्लेट ५ बाय ५ सेंटीमीटर, म्हणजे दाब साडेदहा किलो, जवळपास पाचपट. एम-२० म्हणजे घरबांधणीतलं नेहमीचं काँक्रीट दोनशेच्या आसपास सोसतं, त्याला काही होत नाही. पण टाइलखाली पोकळ असेल तर ती कडकन जाते (माझ्या दोन गेल्या) आणि पेव्हर ब्लॉक वाळूत दबतो. ठोकून बघा, डबडब आवाज आला की तिथे पाय नको.

उंचीबद्दल तर फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. वॅगनआर १६७५ मिलिमीटर उंच, त्यात दीड फूट म्हणजे ४५७ मिळवा, झाले २१३२. माझ्या शेडचा पाइप बरोबर सात फुटांवर, म्हणजे २१३४. दोन मिलिमीटर! आणि अँटेना धरलाच नाहीये. म्हणून मी पाय एक भोक खाली लावतो.

सोसायटीचं म्हणाल तर घोडबंदरच्या फ्लॅटवाल्यांनो, स्टिल्ट पार्किंग, म्हणजे बिल्डिंगखालचं खांबांमधलं पार्किंग, हे तुमचं गॅरेज नाही. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ती कॉमन जागा आहे, बिल्डरला गॅरेज म्हणून विकताही येत नाही. तिथे लोखंडी सांगाडा ठेवलात तर पुढच्या मीटिंगचा विषय तुम्हीच.

शटर ओढून इंजिन चालू ठेवायचं नाही, अजिबात नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणसाला कळायच्या आत भोवळ येते. पाऊस येतोय तर येऊ दे, भिजा.

आणि पैसे वसूल? ऑइल आणि फिल्टर तुम्ही घरी बदला नाहीतर बाहेर, ते विकत आणावंच लागतं, वाचते ती फक्त मजुरी. बिलावरची मजुरीची ओळ बघा आणि लिफ्टच्या किमतीला तिने भागा, माझं उत्तर दोन सर्व्हिस तर सोडाच, दहाच्याही पुढे गेलं. शिवाय काढलेलं काळं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, गटारात ओतायचं नाही, म्हणून मी ते कॅनमध्ये भरून ठेवतो आणि त्याच जुन्या मेकॅनिककडे नेऊन देतो, तो त्याच्या पिंपात ओतून घेतो आणि दरवेळी विचारतो, काय साहेब, लिफ्ट विकायची का?