माझे साठ प्रोटॉन

आमचा कॉम्प्युटर रात्री घोरतो. म्हणजे त्याचा पंखा. पूर्वी मी काम करत असलो की घोरायचा. आता मी झोपलो की घोरतो, कारण मी त्याला विज्ञानाच्या सेवेला जुंपलंय.

जिनिव्हाजवळ सर्न प्रयोगशाळेत जमिनीखाली 27 किलोमीटर घेराचं, नळीचं कडं आहे. त्याचं नाव एलएचसी. त्यात पळणारे प्रोटॉन वाट सोडून नळीच्या भिंतीवर आपटतील का, हे आधी गणित मांडून बघतात. गणित अफाट, म्हणून 2004 पासून ‘एलएचसी ॲट होम’ या उपक्रमात हौशी लोकांच्या घरचे रिकामटेकडे कॉम्प्युटर कामाला लावतात. ‘बॉइंक’ नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की काम घरपोच. रिकामटेकडं म्हटल्यावर मला आमचा कॉम्प्युटर आठवला. बायकोला दुसरंच कोणीतरी आठवलं.

माझ्या वाट्याला साठ प्रोटॉन आले. फेऱ्या दहा लाख. खरा प्रोटॉन सेकंदाला 11,245 फेऱ्या मारतो, म्हणजे त्याचं हे दीड मिनिटाचं काम. आमच्याकडे रात्र सरली तरी 63 टक्के! त्यात कुणी माउसला हात लावला की गणित थांबतं, अशी सेटिंग मीच करून ठेवलेली. म्हणून मी माउसवर चिठ्ठी चिकटवली : ‘हात लावू नये. प्रोटॉन फिरत आहेत.’

“अहो, पोचले का तुमचे प्रोटॉन?”

“ते पोचत नसतात, गोल फिरतात.”

“मग घाई कसली? सरका, मला बिल भरायचंय.”

एकदा एक काम चार मिनिटांत उरकलं. मला वाटलं, कॉम्प्युटर हुशार झाला. तर प्रोटॉन सुरुवातीलाच भिंतीवर आपटले होते! शास्त्रज्ञांना तेही हवंच असतं म्हणे, पण मला आपलं चुकचुकत राहिलं. केलेल्या कामाबद्दल गुण मिळतात, तेही चार मिनिटांपुरतेच मिळाले. (या गुणांचं काहीही विकत मिळत नाही. मी पाहिलंय.)

शिवाय तेच गणित आणखी एका अनोळखी कॉम्प्युटरलाही देतात. दोन्ही उत्तरं जुळली तरच खरं मानतात. माझ्या एकट्याच्या बोलण्यावर घरातसुद्धा कुणी विश्वास ठेवत नाही, त्यामुळे याचं वाईट वाटलं नाही.

काल मध्यरात्री जाग आली. बायको अंधारात स्क्रीनसमोर उभी, हात मागे बांधून, माउसपासून चांगली लांब.

“98 झाले,” ती कुजबुजली. “खोकू नका.”